गेको मुलांना आवडतो, कारण तो त्यांना वेळ देतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर ठरावीक मुदतीसाठी केलेल्या सौद्यांच्या) व्यवहारांत तरुणांचे पैसे बुडाल्याची बातमी आली, की पाठोपाठ चित्रपटांना आणि वेबमालिकांना दोष देणारी पत्रे व लेख छापून येतात. पैशाची चटक लावणारे चित्रपट पाहून मुले बिघडतात, असा त्यांचा एकूण सूर असतो. मी आयुष्यभर वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवले आहे आणि निवृत्तीनंतरही त्यांच्यातील अनेकांशी माझा संपर्क आहे. या मुलांमध्ये वर्षानुवर्षे आवडीने पाहिल्या गेलेल्या एका चित्रपटाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या आवडीचे कारण आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत, असे मला मनापासून वाटते.

हा चित्रपट म्हणजे ऑलिव्हर स्टोन यांचा ‘वॉल स्ट्रीट’. तो डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याआधी जेमतेम दोन महिने, १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एकाच दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला होता. लोभ ही चांगली गोष्ट आहे असे भागधारकांच्या सभेत छातीठोकपणे सांगणारा गॉर्डन गेको हे त्यातील पात्र मायकेल डग्लस यांनी रंगवले आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्या भाषणाला वास्तवातला आधारही होता. आयव्हन बोस्की या सटोडियाने १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील व्यवस्थापन शाखेच्या पदवीदान समारंभात लोभ निरोगी असतो अशा अर्थाचे उद्गार काढले होते आणि समोरच्या विद्यार्थ्यांनी त्यांना दादही दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आतल्या गोटातील, म्हणजे जाहीर न झालेल्या, माहितीवर केलेल्या बेकायदा व्यवहारांबद्दल दहा कोटी डॉलर भरण्याची वेळ बोस्कीवर आली आणि पुढे त्याला तुरुंगातही जावे लागले.

स्टोन यांनी हा चित्रपट आपल्या वडिलांना अर्पण केला आहे. ते स्वतः शेअर दलाल होते. चित्रपटाचा हेतू इशारा देण्याचा होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. कथेच्या शेवटी तरुण नायक बड फॉक्स याला त्याच्याच कार्यालयात, सहकाऱ्यांच्या देखत हातकड्या पडतात आणि तो रडत बाहेर जातो. तरीही चित्रपटाचे सहलेखक स्टॅन्ले वायझर यांना २००८ मध्ये लेख लिहून खेद व्यक्त करावा लागला, कारण त्यांना भेटणारी तरुण मंडळी आपल्याला गेको व्हायचे आहे असे सांगत होती. डग्लस यांनाही असेच चाहते भेटत राहिले. शेवटी २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने आतल्या माहितीवरील व्यवहारांविरुद्ध जनजागृतीची चित्रफीत केली, तेव्हा ती सांगण्यासाठी डग्लस यांनाच उभे करण्यात आले. ज्या पात्राला पाहून शहाणे व्हायचे, त्याचेच पोस्टर मुलांनी खोलीत लावले, असे पंचवीस वर्षे चालत आले होते.

हे असे का होते? मुलांना पैसा हवा असतो, हे उत्तर मला अपुरे वाटते. पैसा दाखवणारे चित्रपट शेकडो निघतात आणि मुले त्यातील बहुतेक विसरून जातात. ‘वॉल स्ट्रीट’ला त्यांच्या मनात जी जागा मिळाली आहे, ती गेकोच्या संपत्तीमुळे मिळालेली नसून तो त्या मुलाला जवळ बसवून शिकवतो म्हणून मिळाली आहे, असे माझे मत आहे.

गेको आणि बड यांची पहिली भेट या दृष्टीने पुन्हा पाहावी. बड हा एका दलाली पेढीत फोनवरून गिऱ्हाइके पकडणारा कनिष्ठ नोकरदार आहे. गेकोची भेट मिळावी म्हणून त्याने सलग ५९ दिवस फोन केले आहेत. गेकोच्या वाढदिवशी तो क्युबन चिरुटांची पेटी घेऊन त्याच्या कार्यालयाबाहेर ताटकळत बसतो आणि अखेरीस त्याला काही मिनिटांसाठी आत घेतले जाते. गेको एका वेळी तीन फोनवर बोलतो आहे, मुलाने आणलेली एकेक कल्पना झटकून टाकतो आहे, पण मुलाकडे पाहतो आहे. पुढे तो त्याला दहा लाख डॉलर गुंतवायला देतो, कोणाकडून सूट शिवून घ्यायचा ते सांगतो, स्क्वॉश खेळायला नेतो, जेवणात काय मागवायचे ते दाखवतो, सुन-त्झूचे युद्धनीतीवरील पुस्तक वाचायला सांगतो. भल्या पहाटे समुद्रकिनाऱ्यावरून विटेएवढ्या मोबाईलवरून फोन करून तो बडला जागा करतो. या मुलाच्या आयुष्यात आजवर इतक्या नेमकेपणाने त्याच्याशी कोणी बोललेले नाही.

नेमकेपणा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपण वडीलधारी माणसे तरुणांना जे सांगतो ते बहुतेक वेळा खरे असते, पण मोघम असते. मन लावून अभ्यास कर, कष्टाला पर्याय नाही, चार पैसे गाठीला ठेव, सरकारी नोकरी लागली की चिंता मिटते. बी. कॉम. होऊन बाहेर पडलेल्या मुलाला सोमवारी सकाळी उठून कोणाला भेटायचे, काय बोलायचे, कोणते कपडे घालायचे आणि नकार मिळाल्यावर दुसऱ्यांदा कसे जायचे, हे त्यात कुठेच नसते. ज्यांच्या घरात व्यवसाय आहे त्यांना हे जेवताना, गाडीत, काका-मामांच्या बैठकीत आपोआप मिळते. ज्याचे वडील कारखान्यात पाळीवर जातात किंवा शेती करतात, त्याला ते मिळत नाही आणि मिळत नाही हेही त्याला फार उशिरा कळते. गेको चित्रपटात सांगतो, की त्याचे वडील विजेचे सामान विकता विकता एकोणपन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि मागे कराची बिले ठेवून गेले. नामांकित विद्यापीठांतून आलेल्या श्रीमंत मुलांपेक्षा आपल्याला गरीब, हुशार आणि भुकेली मुले हवी आहेत, असेही तो म्हणतो. कोणत्याही तालुक्याच्या गावातील हुशार मुलाला हे वाक्य थेट आपल्याला उद्देशून आहे असे वाटले, तर त्यात नवल नाही. वर्गात या चित्रपटावर चर्चा चालली असताना एक विद्यार्थी मला म्हणाला होता, ‘सर, तो वाईट असेल, पण निदान दार तरी उघडतो.’

या वाक्याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. आज जे सुचते ते असे, की दार उघडण्याची किंमत चित्रपटात अगदी स्पष्ट दाखवली आहे आणि आपण ती मुलांच्या नजरेस आणून देत नाही. त्या पहिल्या भेटीत बडच्या साऱ्या अभ्यासू सूचना गेको नाकारतो. मग हातची संधी निसटताना पाहून बड एका विमान कंपनीचे नाव घेतो. त्या कंपनीत त्याचे वडील मेकॅनिक आहेत आणि कामगार संघटनेचे पुढारी आहेत. जुन्या अपघाताच्या चौकशीत कंपनी निर्दोष ठरणार आहे, ही अजून जाहीर न झालेली गोष्ट वडिलांनी कामगारांच्या नेहमीच्या बारमध्ये बसल्या बसल्या, मुलाशी बोलावे तशी बोलून टाकलेली असते. बड ती गोष्ट गेकोला देतो आणि त्या क्षणी त्याचा प्रवेश पक्का होतो. गेकोला मुलाची हुशारी नको होती. मुलाकडे असलेली एकमेव विकाऊ वस्तू म्हणजे बापाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, आणि पहिला सौदा तिचाच झाला. पुढे गेको तीच कंपनी ताब्यात घेऊन तिचे तुकडे विकायला निघतो, तेव्हा बापाची नोकरी आणि सहकाऱ्यांचे निवृत्तिवेतन पणाला लागते.

हा भाग आजच्या परिस्थितीशी किती जुळतो, हे मी जवळून पाहिले आहे. माझा एक माजी विद्यार्थी काही काळापूर्वी घरी आला. त्याने मोबाईलवर आपल्या ऑप्शन व्यवहारांचा हिशेब उघडून माझ्यासमोर धरला. मी अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत होतो आणि हिशेब संपत नव्हता. एकेका एक्सपायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याच्या, दिवशी वीस-वीस सौदे, प्रत्येक सौद्यापुढे दलाली, एक्सचेंजचे शुल्क, व्यवहार कर, जीएसटी आणि मुद्रांक शुल्क यांचे स्वतंत्र रकाने. काही दिवशी सौद्यांत नफा होता आणि शुल्के वजा जाता तोटा होता. भांडवल कुठून आणलेस असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून, असे त्याने मग सांगितले. त्याला हा मार्ग दाखवणारा कोणी ‘मेंटॉर’ टेलिग्रामवर भेटला होता. तो रोज सकाळी मुलांना नावाने हाक मारून शुभेच्छा देत असे, चुकले तर रागवत असे आणि शिकवणीची फी आगाऊ घेत असे. मुलाच्या बोलण्यात त्या माणसाविषयी अजूनही राग नव्हता, उलट ‘त्यांनी मला खूप वेळ दिला’ असे तो म्हणत राहिला. पैसे गेल्यापेक्षा त्या माणसाने नंतर उत्तर देणे बंद केले, याचे त्याला अधिक वाईट वाटत होते.

असे किती जण आहेत, हे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. या व्यवहारांत तिशीच्या आतील लोकांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तोटा होऊनही तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक व्यवहार करीतच राहिले. त्याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट मला या पत्राच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२३-२४ मध्ये दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटींचा आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला आणि तो जवळजवळ सगळा संगणकीय अल्गोरिदमने, म्हणजे संगणकाने आपोआप, केलेल्या सौद्यांतून आला. समोरच्या बाजूला अंगठ्याने सौदे करणारा मुलगा बसलेला होता.

आता गेकोकडे पुन्हा पाहिले तर मुलांची एक मोठी गैरसमजूत ध्यानात येते. गेको जोखीम घेणारा मर्द गडी आहे म्हणून तो आपल्याला आवडतो, असे मुले सांगतात. प्रत्यक्षात गेको संपूर्ण चित्रपटात जोखीम घेतच नाही. आपण अंदाजाने बाण मारत नाही, खात्रीच्या गोष्टींवरच पैसे लावतो, असे तो बडला स्वतः बजावतो. त्याची खात्री चोरलेल्या माहितीतून येते आणि ती चोरून आणण्याची जोखीम तो बडवर ढकलतो. प्रतिस्पर्धी उद्योगपतीच्या मागावर दिवसभर मोटारसायकलवरून फिरणारा बड आहे. साफसफाईच्या कंपनीचा माणूस म्हणून वकिलांच्या कचेरीत शिरून कागदपत्रे पाहणारा बड आहे, आणि ज्याच्या हाताच्या सह्या कागदांवर आहेत तोही बडच आहे. गेकोच्या बाजूने पाहिले तर या व्यवहारात मुलगा म्हणजे जोखीम उचलणारा भाडोत्री हात आहे. ऑप्शन विकत घेणाऱ्या आमच्या मुलांना आपण गेकोच्या जागी आहोत असे वाटते. त्यांची जागा बडची आहे, आणि चित्रपटात खटला भरला जातो तो आधी बडवर.

धाडस पाहायचेच असेल तर ते या चित्रपटात आहे, पण ते दुसऱ्या माणसाकडे आहे. गेको विमान कंपनीच्या तिन्ही कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना बडच्या नव्या, झगमगीत घरात बोलावून आपली योजना समजावतो. पगार थोडे कमी करा, नंतर फायद्यात वाटा देतो, असे ते आमिष आहे. वैमानिकांचा आणि हवाई सेवकांचा असे दोन्ही प्रतिनिधी पाघळतात. बडचे वडील कार्ल फॉक्स, हाताला वंगणाचा वास असलेला माणूस, एकटा उठतो, हा माणूस आपल्याला फसवतो आहे असे स्पष्ट सांगतो आणि निघून जातो. मुलगा त्याच्या मागे धावत जातो आणि बापाला ऐकवतो, की तुमच्यात जगात उतरून स्वतःचे काही मिळवण्याची हिंमतच नव्हती, म्हणून तुम्हाला माझे यश सहन होत नाही. हे वाक्य ऐकताना ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही असा बाप मी पाहिलेला नाही आणि ते आपण कधी ना कधी घरात बोललो आहोत हे न आठवणारा मुलगाही क्वचितच असेल. या दोन भूमिका मार्टिन शीन आणि चार्ली शीन या खऱ्या बापलेकांनी केल्या आहेत, त्यामुळे त्या प्रसंगात एक वेगळाच ताण आला आहे.

कार्ल फॉक्स मुलांना का आवडत नाही, याचाही विचार आपण केला पाहिजे. तो प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, मुलाला अडीनडीला पैसे देतो आणि स्वतःच्या माणसांशी बेइमानी करीत नाही. पण मुलाने दलालीचा धंदा धरला हे त्याला आवडलेले नाही, आणि त्या धंद्याविषयी तो मुलाला टोमण्यांपलीकडे काहीच विचारत नाही. तुझा दिवस कसा जातो, साहेब काय म्हणतो, कोणत्या गोष्टीची भीती वाटते, हे त्याने विचारले असते तर चित्रपट वेगळ्या वळणाने गेला असता. न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत मुलाला गाडीने सोडायला जाताना तो पहिल्यांदा त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो. दुसऱ्यांच्या खरेदी-विक्रीवर जगण्यापेक्षा स्वतः काहीतरी घडव, असा त्याचा सल्ला आहे. सल्ला चांगला आहे, पण तोही मोघमच आहे. काय घडवायचे आणि कसे, हे कार्लला सांगता येत नाही, कारण तोवर त्या दोघांत तसे बोलणेच झालेले नाही. मला हा चित्रपटातील सर्वांत दुःखद भाग वाटतो.

आपल्याकडेही १९९२ च्या रोखे गैरव्यवहाराची कथा नव्या पिढीपर्यंत २०२० मध्ये वेबमालिकेच्या रूपाने पोहोचली, तेव्हा हेच घडले. त्या गैरव्यवहारातील मुख्य शेअर दलाल हर्षद मेहता यांचा ३१ डिसेंबर २००१ रोजी कोठडीत असताना मृत्यू झाला, ही गोष्ट फार थोड्या मुलांना आठवते. चाळीतून येऊन बाजार हलवणारा माणूस सर्वांना आठवतो. तो गैरव्यवहार बँकांच्या कागदपत्रांत चिकाटीने शोधून काढणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल यांचे काम कसे चालले, याबद्दल कोणी मुलगा मला विचारायला आला, असे एकदाही घडले नाही. त्यांच्या कामातही थरार होता, पण ते काम शिकायचे तर कोणाकडे जायचे, हे मुलांना कोणी दाखवलेले नाही.

म्हणून माझी आपल्याला दोन बाबतींत विनंती आहे. पहिली जाहिरातींविषयी. अनेक मराठी वृत्तपत्रांत आणि त्यांच्या संकेतस्थळांवर शेअर बाजार शिकवणीच्या जाहिराती येतात. महागड्या गाडीला टेकून उभा असलेला तरुण ‘मी तुम्हाला घडवतो’ असे त्यांत सांगत असतो. गुंतवणूक सल्लागार म्हणून सेबीकडे नोंदणी केलेली नसताना कमाईचे आमिष दाखवणाऱ्यांच्या जाहिराती आपण स्वीकारू नयेत आणि ज्या स्वीकाराल त्यांच्या शेजारी वर दिलेला ९३ टक्क्यांचा आकडा तितक्याच मोठ्या टायपात छापावा. उत्पन्नाचा प्रश्न असतो हे मला समजते, पण आपल्या अग्रलेखांत ज्या घरांबद्दल कळवळा व्यक्त होतो, ती घरे याच पानांवरून त्या माणसापर्यंत पोहोचतात.

दुसरी विनंती जागेविषयी. आपल्या तरुणांसाठीच्या पुरवणीत यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती येतात आणि त्या बहुधा संघर्ष, जिद्द, आईवडिलांचे आशीर्वाद या शब्दांवर संपतात. त्याऐवजी आठवड्याला अर्धे पान असे द्यावे, की ज्यात वाचक मुलांनी नेमके प्रश्न विचारावेत आणि काम करणाऱ्या माणसांनी नेमकी उत्तरे द्यावीत. औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप काढणाऱ्याला पहिल्या वर्षी बँकेने किती कर्ज दिले आणि कोणते कागद मागितले, हे त्यात यावे. सनदी लेखापालाकडे उमेदवारी करताना विद्यावेतन किती मिळते, मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचे त्यात महिन्याला कसे भागते, विमा विकताना पहिली दहा दारे बंद झाल्यावर अकराव्या दारात काय बोलायचे, हेही यावे. अपयशी झालेल्यांनीही लिहावे, नाव न देता लिहिले तरी चालेल. माझ्या माहितीतील हिशेबनीस, गॅरेजवाले, निवृत्त बँक अधिकारी आणि आडत दुकानदार अशा बऱ्याच जणांशी मी याबद्दल बोललो आहे आणि मुलांना प्रत्यक्ष भेटून तास-दोन तास देण्याचीही त्यांची तयारी आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांकडून येणाऱ्या प्रश्नांची प्राथमिक छाननी मी विनामूल्य करून देईन. आपण होकार कळवल्यास पहिल्या चार आठवड्यांचा मजकूर लगेच पाठवू शकतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक, सांगली